बिनगोळीची पोरं

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात पहाटेचा भोंगा झाला की मिलमध्ये जाणाऱ्या बाया आधी केराबाईच्या दारापुढे येऊन उभ्या राहत. काखेत पोर, हातात भाकरीचं फडकं. पोर आत द्यायच्या आधी आईनं आपले दोन्ही हात पुढे धरायचे, असा तिथला नेम होता. केराबाई उंबऱ्यात कंदील घेऊन बसलेली असे. ती एकेक बोट धरून नखाखाली बघायची, शंका आली तर नाकाशी नेऊन हुंगायची. नख स्वच्छ असेल तर पोर आत. नसेल तर पोर आणि आई दोघंही बाहेर. मिलच्या फाटकावरचा दरवानसुद्धा इतकी कसून झडती घेत नसेल.

झडती असायची अफूची. एकोणीसशे तीसच्या अलीकडची ही गोष्ट. तेव्हा गिरणगावात घरोघर अफूची बाळगोळी असे. परवान्याच्या दुकानात अफू उघड मिळायची. बाया तिची बारीकशी चिमूट नखाखाली भरून ठेवत आणि तान्हं किरकिरायला लागलं की बोट त्याच्या तोंडात देत. पोर चोखता चोखता गपगार व्हायचं आणि दिवे लागेपर्यंत झोळीत पडून राहायचं. आज हे वाचून कुणी नाक मुरडेल. खुशाल मुरडावं. पण उजाडायच्या आत घर सोडायचं, अंगावरचं पोर कुणाच्या भरवशावर टाकायचं याचं उत्तर त्या बायांना कुणी दिलं नव्हतं, आणि अफू वाईट असते हे सांगायला मात्र पुष्कळजण येऊन गेले होते.

केराबाई मूळची सांगोल्याकडची, धनगराची. नवरा मायाप्पा मेंढरं राखायचा. लागोपाठच्या दुष्काळात मेंढरं गेली, दोघं सोलापुरात आली, आणि मानमोडीच्या तापाच्या साथीत मायाप्पाही गेला. मूलबाळ नव्हतं. मग ती मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात लागली आणि तिथंच तिचे केस पिकायला लागले. अंगानं हाडकुळी, आवाज खणखणीत, आणि एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणायची नाही.

ती खात्यातून बाहेर पडली ती मथुराबाईच्या मुलीमुळं. मथुराबाई तिच्या शेजारची. एका संध्याकाळी दोघी बरोबरच मिलमधून आल्या आणि मथुराबाई चूल पेटवायला बसली म्हणून केराबाईनं झोळीतलं पोर उचललं. पोर गार होतं. त्या रात्री बोळ जेवला नाही. थोड्या दिवसांनी बाया केराबाईकडं आल्या आणि म्हणाल्या, तू मिल सोड, आमची पोरं सांभाळ, तुझ्या पोटाचं आम्ही बघतो. प्रत्येकीनं घरातली ज्वारी आणून घातली. मागावर बसणाऱ्या पद्मशाल्याच्या अंबव्वानं झोळ्यांना कापड दिलं. टांगेवाल्याच्या हुसेनबीनं शेळीचं दूध कबूल केलं. केराबाईनं एकच अट घातली, गोळी दिलेलं पोर मी घेणार नाही.

अट तिनं पाळलीही. एकदा एकीच्या करंगळीत काळं निघालं. ती बाई पाया पडली, रडली, पुन्हा नाही देणार म्हणाली. केराबाई जागची हलली नाही. त्या बाईचा खाडा झाला, नायकिणीनं, म्हणजे खात्यातल्या मुकादम बाईनं, तिला कामावरून काढलं, आणि थोड्याच दिवसांत ती पोर घेऊन बोळ सोडून गेली. ते सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर कुणाच्या नखात काही सापडलं नाही. आमच्या बोळात गोळी बंद हाय, असं केराबाई छातीठोक सांगायची, आणि पेठेत लोक तिचं नाव काढायचे. तिला ते आवडायचं. का आवडू नये?

त्या हिवाळ्यात कस्तुराबाईच्या गुंड्याला दात येत होते. कस्तुराबाई नुकती कुठं कामावर पुन्हा रुजू झालेली, नवरा महिपती गाडीवर हमाली करायला कधी केमला, कधी कुर्डुवाडीला, आणि घरात सासू बजाबाई, तिला नीट दिसत नव्हतं. गुंडा रात्री रडायचा आणि दिवसाही. केराबाईच्या खोलीत तो रडायला लागला की त्याच्या पाठोपाठ बाकीची पोरं सूर धरायची. एका संध्याकाळी केराबाईचं डोकं उठलं. कस्तुराबाई न्यायला आली तेव्हा ती चारचौघींदेखत तिला बोलली. तू एकटीच आई नाहीस, असं काय काय बोलली. बोलून विसरूनही गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुंडा आला तो खांद्यावर मान टाकून झोपलेला. केराबाईनं कस्तुराबाईची नखं बघितली. लख्ख होती, घासून घासून कडेला लाल झालेली. केराबाईनं गुंड्याला झोळीत टाकला आणि मनात म्हणाली, चला, आज जरा पाठ टेकता येईल.

सकाळ खरंच निवांत गेली. मोठ्या पोरांना तिनं पेज पाजली, एकीच्या डोक्यातल्या उवा काढल्या, झोळ्यांना झोके दिले. ऊन दारात आलं तेव्हा हुसेनबीची शेळी दोरी तोडून आत घुसली आणि तिनं परातीवर पाय दिला. परात उलटीपालटी होत भिंतीवर आदळली. सगळी पोरं दचकून रडायला लागली. केराबाई शेळीला हाकलून परत आली, पोरांना गप करू लागली, आणि तिच्या ध्यानात आलं की एका झोळीतून काहीच आवाज नाही.

तिनं गुंड्याला बाहेर काढलं. मान मागं कलली. हाक मारली, गाल चापटले, तळपायाला चिमटा घेतला. त्यानं तोंड जरासं वाकडं केलं, बस्स. तिनं पापणी वर केली. डोळ्यातला काळा ठिपका मोहरीएवढा झाला होता. छातीवर हात ठेवला, तर एक श्वास आला आणि दुसऱ्याची वाट बघत बसावं लागलं.

हे काय आहे ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं पोराला छातीशी धरलं आणि बाहेर येऊन अंबव्वाला आणि हुसेनबीला हाका मारल्या. हुसेनबीचा नवरा टांगा घेऊन स्टेशनवर गेलेला. त्याला गाठून दवाखान्यातून डॉक्टर घेऊन ये, असं तिला सांगितलं. ती पदर खोचून धावत सुटली. अंबव्वाला इतर पोरांपाशी बसवलं. आणि केराबाई गुंड्याला घेऊन समोरच्या खोलीत बजाबाईकडं गेली.

बजाबाई ज्वारी निवडत बसली होती. गोळी दिलीस का, म्हणून केराबाईनं विचारलं. बजाबाईनं नाही म्हटलं. केराबाईनं आवाज चढवला. बजाबाईनं देवाची आण घेतली, तुमच्या अटीत राहतो आम्ही, असंही म्हणाली, आणि सूप उचलून मागं सरकली. केराबाई जितकी ओरडत होती तितकी म्हातारी आत आत चालली होती. इकडं हातावरचं पोर जड होत होतं. शेवटी केराबाईला सुचेना तेव्हा तिनं गुंड्याला सरळ म्हातारीच्या मांडीवर ठेवलं.

बजाबाईनं चाचपून बघितलं. त्याचं तोंड, नाक, छाती. मग तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"दिली," ती म्हणाली. "पहाटं. सून भाकरी बांधत हुती तवा. तिला म्हाईत न्हाय. ज्वारीच्या दान्याच्या निम्मीबी नसंल."

तेवढ्यानं असं होत नाही, हे केराबाईला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे म्हातारी अजून लपवते आहे. तिनं तिला वाटेल ते सुनावलं. बजाबाई रडत एवढंच म्हणत राहिली की तेवढीच दिली, जास्त नाही. ती खरं बोलत होती आणि तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

आता पोराला जागं ठेवायचं, एवढंच हातात होतं. केराबाईनं त्याला बोळात आणलं, उन्हात. ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, पाठीवर गार पाण्याचे हबके मारले. त्यानं श्वास ओढून घेतला की तिच्या जिवात जीव यायचा, आणि थांबला की पुन्हा हबका. बोळातली माणसं गोळा झाली. रामहरी म्हणून एक खोकल्यानं घरी बसलेला विणकर होता, तो म्हणाला, तू दमशील, दे इकडं. त्यानं घेतला, बोळाच्या टोकापर्यंत हलवत नेला, परत आणला. मग अंबव्वाच्या जावेनं घेतला. ती त्याच्या कानापाशी तोंड नेऊन, "निद्रपोकु रा, निद्रपोकु," म्हणत त्याचे तळपाय चोळत राहिली. झोपू नको रे, असं ती सांगत होती. गुंड्याला तेलुगू कुठून कळणार, पण तिच्याकडं असताना त्यानं एकदा डोळे किलकिले केले, म्हणून सगळे म्हणाले तिच्याकडंच राहू द्या. जरा वेळानं तिच्याकडंही तो ढिला पडला. पुन्हा हात बदलला. कुणाच्याही हातात त्याला सुखानं पडू द्यायचं नव्हतं. एरवी जो तो त्याला थोपटायला धावायचा, आज सगळा बोळ त्याला छळत होता, आणि प्रत्येकाचे डोळे त्या इवल्याशा छातीवर खिळलेले. मधेच श्वास इतका लांबला की रामहरीनं डोक्यावरची टोपी काढली. केराबाईनं त्याच्या हातावर फटका मारून ती पुन्हा घालायला लावली.

डॉक्टरचा पत्ता नव्हता. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. अंगावर पाजणाऱ्या बाया रोजच्यासारख्या पळत आल्या, पण त्यांना कुणीतरी वाटेतच सांगितलं होतं. कस्तुराबाई सगळ्यांच्या पुढं होती. केसांत सुताचा कापूस, पदराचं भान नाही. बाया बाजूला झाल्या. केराबाईनं गुंड्याला तिच्यापुढं धरलं.

अशा वेळी कोणतीही आई काय करते ते सगळ्यांना माहीत आहे. पोर छातीशी लावते. तोंडात दूध देते, ते ओढो न ओढो. मथुराबाईनंसुद्धा आपलं गार पडलेलं पोर पदराखाली घेतलं होतं, ते केराबाईनं डोळ्यांनी बघितलं होतं. पण कस्तुराबाईनं गुंड्याला घेतलं, आणि एका हातावर त्याला अंगापासून लांब धरून ठेवलं. जवळ घेईना. दुसऱ्या हातानं तिनं चोळीची गाठ मुठीत गच्च धरली होती.

केराबाई त्या मुठीकडं बघत राहिली. मग तिनं पुढं होऊन पोर काढून घेतलं आणि अंबव्वाच्या जावेकडं दिलं.

"तुज्या सासूनं पहाटं दिलीया," ती म्हणाली. आवाज मुद्दाम हळू ठेवला. "तिनं सांगितलं मला. आता तू सांग."

कस्तुराबाईनं दाराकडं बघितलं. सासू भिंतीला धरून उभी होती. सासूनं दिली हे कस्तुराबाईला आत्ता कळत होतं, आणि कळता कळता तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"मीबी दिली," ती म्हणाली. "हितं यायच्या आदी. वाटंवर, अंदारात. दुदाच्या जागी लावून दिली. नखं तुमी बगता म्हून."

केराबाईनं चटकन बाकीच्या बायांकडं बघितलं आणि तिला दिसलं की कुणालाही नवल वाटलेलं नाही. एकीनं नजर खाली घातली, दुसरीनं पदर सारखा केला. दोन-तीन सालं ती बोटं हुंगत बसली होती आणि तिची विद्या बायांनी पहिल्या महिन्यातच मोडीत काढली होती.

"मला का न्हाय सांगितलंस?" केराबाईनं विचारलं. "सांगितलं असतंस तर म्यां त्याला डोळ्यांम्होरं ठेवला असता. झोळीत टाकला नसता."

"तुमीच म्हनला न्हवं, केराक्का, की उद्या गप करून आन, न्हायतर आनू नगंस," कस्तुराबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "सांगितलं असतं तर तुमी दारातनंच परत लावलं असतं की."

केराबाईला आदल्या संध्याकाळचं आपलं बोलणं आता शब्दन् शब्द आठवलं. पोरीनं खोटं काही सांगितलं नव्हतं. लावलं असतं. खात्रीनं लावलं असतं, आणि वर दिवसभर त्याचा डंका पिटला असता.

तेवढ्यात टांगा आला. डॉक्टर उतरला, तरुण होता, घामाघूम झालेला. त्यानं पोराला बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, किती दिली आणि केव्हा. कस्तुराबाई पुढं झाली. सगळ्या बोळासमोर, सासूसमोर, तिनं बोटाच्या पेरावर माप दाखवून सांगितलं. बजाबाईनंही आपलं माप सांगितलं. डॉक्टरनं दोन्ही मापं ऐकली आणि लगेच पेटी उघडली. नुसतं म्हातारीचंच ऐकलं असतं तर पोराला जागं ठेवा म्हणून सांगून मी परत गेलो असतो, असं तो नंतर म्हणाला. त्यानं गुंड्याच्या नरड्यातून बारीक नळी आत घातली, विषावरचं जांभळं पाणी सोडलं, काढलं, पुन्हा सोडलं. कस्तुराबाईला बघवेना, पण ती तिथून हलली नाही. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. बाया पाय ओढत गेल्या, वळून वळून बघत. कस्तुराबाई गेली नाही. तिच्या खाड्याचं त्या दिवशी कुणी नाव काढलं नाही.

दुपार सरता सरत नव्हती. नळी निघाली, कोरा कडक चहा थेंब थेंब घशात गेला, तरी गुंडा तसाच. पुन्हा या हातातून त्या हातात. केराबाईनं त्याला एकदा घेतलं की सोडेना. ती चालत होती आणि पुटपुटत होती, आणि काय पुटपुटत होती ते जवळच्या अंबव्वाला ऐकू गेलं. ती म्हणत होती, "रड बाबा, रड. लई रड. मी काय बी म्हननार न्हाय."

उन्हं भिंतीवर चढली तेव्हा गुंड्यानं तोंड वेडंवाकडं केलं आणि एक बारका, चिरका आवाज काढला. मग दुसरा. मग त्यानं भोकाड पसरलं, हिरड्या दाखवत, हातपाय झाडत. डॉक्टर भिंतीला टेकून बसला होता, तो उठून उभा राहिला. आतली पोरंही रडायला लागली. कस्तुराबाईनं छाती धुऊन आणली होती. तिनं पोर घेतलं आणि सासूच्या शेजारी पाजायला बसली. दोघी एकमेकींकडं न बघता रडत होत्या. रामहरी खोकत खोकत घरात गेला. केराबाई उंबऱ्यावर बसून राहिली.

संध्याकाळी पेठेतले दोन भले गृहस्थ येऊन गेले. आता अट आणखी कडक करावी, असं त्यांचं म्हणणं पडलं. झडतीला आणखी एक बाई नेमावी, येईल तिचं चोळी-पदर सगळं तपासावं. केराबाईनं त्यांना पाणी दिलं, सुपारी दिली, आणि वाटेला लावलं. रात्री तिनं भाकरी केली नाही. बोळ सोडून गेलेल्या त्या बाईचं पोर तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ते आता कुठल्या झोळीत असेल, जागं असेल का, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेचा भोंगा झाला. बाया आल्या. सवयीनं सगळ्यांचे हात पुढं झाले. केराबाईनं कंदील खाली ठेवला आणि ती उंबऱ्यातून उठून बाजूला उभी राहिली.

"हात र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. "काल रातीपासनं कुनी काय दिलंय तेवडं सांगा. किती, कवा. सांगितलं तरी पोर मी घेनार हाय. आजबी आनि उद्याबी."

कुणी हललं नाही. एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. इतक्या दिवसांची भीती एका वाक्यानं थोडीच जाणार? ही बाई आपल्याला तोंडानं कबूल करायला लावील आणि मग हाकलून देईल, असंच त्यांच्या मनात असणार. केराबाईला ते कळत होतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. ती हात पुढं करून तशीच उभी राहिली. मिलच्या बाजूनं लोकांचे लोंढे जायला लागले होते. आणखी थोडा उशीर झाला तर सगळ्यांचाच खाडा.

मग मागून मथुराबाई पुढं आली. तिच्या काखेत तिचा दुसरा पोरगा होता, त्या मुलीनंतरचा. या खोलीसाठी सगळ्यांत आधी ज्वारी तिनं आणून घातली होती. हा पोरगा आणायला लागल्यापासून रांगेत पहिले हात तिचे असत, आणि केराबाई तिचे हात कधी नीट तपासतही नसे.

"रातच्याला दिली," मथुराबाई म्हणाली. "निम्मी. रोजच देते, केराक्का."

केराबाईनं हात लांब केले आणि मथुराबाईच्या काखेतलं पोर घेतलं, पापणी वर करून बघितलं, छातीवर कान ठेवला.

"उद्या ह्याच्या निम्मी दे," ती म्हणाली. "आनि मला सांग."

मथुराबाईनं मान हलवली. तिच्या मागची बाई पुढं आली आणि तिनं आपलं माप सांगितलं. मग तिच्या मागची. केराबाई एकेक पोर घेत गेली. बिनगोळीचं असं त्या दिवशी एकच निघालं, आणि तो गुंडा होता.